‘पाच मिनिटांत सर्व्हर मॉनिटरिंग’ म्हणे!

एकच मेसेज गेल्या काही महिन्यांत चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्यापर्यंत आला. पाचव्यांदा तो एका क्लायंटनंच पाठवला आणि खाली स्वतःची ओळ जोडली: "भाऊ, हे एवढं सोपं आहे तर तुम्ही काऊन आठवडा मागता जी?" आता उत्तर देणं भागच आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. लिनक्स सर्व्हरवर नोड एक्स्पोर्टर (मशीनचे आकडे देणारा), प्रोमिथियस (ते साठवणारा) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख काढणारा) टाका, तयार डॅशबोर्ड आयात करा, पाच मिनिटांत कपॅसिटीचं, म्हणजे मशीन किती पुरेल ते ठरवण्याचं, काम संपलं. मग चार नियम पाळा. लोड अ‍ॅव्हरेज (चालू आणि रांगेतल्या कामांची सरासरी) सीपीयूच्या कोरच्या संख्येपेक्षा वर गेला की सीपीयू कमी पडतोय, मोठं मशीन घ्या. फ्री मेमरी दहा टक्क्यांखाली आली की रॅम वाढवा, आणि तोवर रोज रात्री कॅश (रॅममध्ये ठेवलेल्या फायलींच्या प्रती) रिकामी करणारी ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, टाका. डिस्कसाठी डीएफचा (जागा किती भरली ते सांगणाऱ्या कमांडचा) आकडा पुरे. आणि सगळ्यांना एकच अलर्ट लावा, ८० टक्के. त्याखाली निर्धास्त झोपा.

माझं काम मोठं नाही. नागपुरातल्या लहान धंद्यांची चार मशीन सांभाळतो: कळमना बाजारातल्या संत्र्याच्या व्यापाऱ्यांचा हिशेब, दोन कोचिंग क्लास, एक ट्रान्सपोर्टवाला. मेसेजमधला प्रत्येक नियम फसताना मी याच चार मशीनांवर पाहिलाय.

लोडपासून सुरू करतो, कारण या नियमापायी लोक खिशातून खरे पैसे काढतात. ‘लोड कोरपेक्षा जास्त म्हणजे सीपीयू कमी’ हे लिनक्सवर १९९३ पासून खरं नाही. त्या वर्षी मथियास उर्लिक्स यांनी एक छोटासा पॅच दिला. तेव्हापासून लिनक्सच्या लोडमध्ये सीपीयूच्या रांगेतल्या प्रोसेसबरोबरच ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेसही धरल्या जातात, म्हणजे डिस्क किंवा एनएफएसकडून (नेटवर्कवरच्या फोल्डरकडून) उत्तर येईपर्यंत अडकून पडलेल्या. सीपीयू मोकळा बसलेला असतो आणि लोड मात्र चढत जातो.

ट्रान्सपोर्टवाल्याचं मशीन आठ कोरांचं. एका सकाळी सव्वादहाला त्याचा फोन: लोड ५६ झालाय, सोळा कोरांच्या मशीनचं कोटेशन मागवलंय, किती दिवसांत बसवाल? टॉप (मशीनचा ताण दाखवणारी कमांड) उघडून पाहिलं तर आयडल, म्हणजे मोकळा सीपीयू, ९३ टक्के. पीएसच्या, म्हणजे चालू प्रोसेसच्या, यादीत अवस्थेचा रकाना काढला आणि ‘डी’, ‘डी’, ‘डी’ अशी माळच लागली. चोपन्न प्रोसेस, सगळ्या बॅकअपच्या. रात्री एकच्या सुमारास त्यांच्या भागातली वीज गेली होती. सर्व्हर यूपीएसवर तगला, पण बॅकअपचा एनएएस (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) बंद पडला तो परत उठलाच नाही. क्रॉन बिचारा दर दहा मिनिटांनी नवी प्रोसेस सोडत होता आणि ती येऊन आधीच्यांच्या मागे उभी राहत होती. सोळा कोर आणले असते तरी त्या चोपन्न जणी तिथेच उभ्या राहिल्या असत्या. एनएएसचं बटण दाबलं, अर्ध्या तासात लोड दोनच्या खाली. कोटेशन रद्द.

मग कन्सोलवर, म्हणजे आलेखांच्या डॅशबोर्डवर, काय लावायचं? लोड राहू द्या एका कोपऱ्यात, सवयीचा आहे. त्याच्या शेजारी ‘प्रेशर स्टॉल’चे (पीएसआय) तीन आलेख लावा. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.२० पासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, लिनक्स हे आकडे स्वतः देतं: सीपीयू, मेमरी आणि आयओ यांच्यासाठी कामं किती टक्के वेळ खोळंबली, तिन्ही वेगवेगळं. सीपीयूचा दाब शून्याजवळ असताना नवे कोर घेऊन करायचं काय? एक अडचण मात्र सांगून ठेवतो. रेड हॅटच्या ८ आणि ९ मध्ये आणि त्यांच्या भावंडांमध्ये ही सोय मुळात बंद असते. बूटच्या ओळीत ‘पीएसआय=१’ जोडलं नाही तर आलेख रिकामा दिसतो आणि माणूस ग्राफानाला शिव्या घालत बसतो. शिवाय नोड एक्स्पोर्टरचा ‘प्रोसेसेस’ कलेक्टरही (आकडे गोळा करणारा भाग) हाताने चालू करावा लागतो. तो चालू असता तर कुठल्या अवस्थेत किती प्रोसेस आहेत ते दिसलं असतं, आणि त्या रात्री दोन वाजताच मला कळलं असतं.

मेमरीचं लवकर आटोपतो. रिकामी रॅम लिनक्सला आवडत नाही, ते ती फायलींच्या कॅशला लावतं आणि गरज पडली की परत काढून घेतं. त्यामुळे ‘फ्री’ कमी दिसणं हीच निरोगी मशीनची अवस्था. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना, २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून तो थेट मिळतो. सोबत स्वॅपमधून (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेतून) सेकंदाला मेमरीची किती पानं आत-बाहेर होताहेत ते बघा. नुसती स्वॅप किती भरली याला फारसा अर्थ नाही. आणि रात्री कॅश रिकामी करायची ती क्रॉनची ओळ? कर्नलच्या कागदपत्रांतच लिहिलंय की चाचणी आणि डीबगिंग सोडून ती वापरू नका. एका कोचिंग क्लासकडे ती कुणीतरी आधीच टाकून ठेवलेली होती. रोज सकाळी सातची पहिली बॅच लॉगिन करायची आणि पोर्टल रांगायचं, कारण सगळं पुन्हा डिस्कवरून वाचायचं असे. ओळ काढली, तक्रार थांबली. मी त्याचं बिलही लावलं नाही, खरं तर लावायला हवं होतं.

आता डिस्क. दुसऱ्या क्लासच्या मशीनवर ‘जागा शिल्लक नाही’ अशी चूक येत होती आणि डीएफ म्हणत होतं ५८ टक्के. तिथल्या मुलानं तीनदा रीस्टार्ट केलं, चौथ्यांदा मला फोन केला. डीएफला ‘-आय’ जोडून चालवायला सांगितलं. "सर, इथं तर शंभर टक्के दाखवते बे... सॉरी सर." आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपले होते. ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये आयनोडची संख्या पार्टिशन फॉरमॅट करतानाच ठरते, नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक. म्हणजे ४० जीबीच्या पार्टिशनला २६ लाख २१ हजार ४४०. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण त्यांच्या जुन्या पीएचपी पोर्टलनं दोन वर्षांत प्रत्येक लॉगिनची एक चिमुकली सेशन फाइल ठेवली होती आणि एकही पुसली नव्हती. फायली बारीक, जागा अर्धी रिकामी, आणि तरी नवी फाइल उघडायला जागा नाही. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम आयनोड लागतील तसे बनवते, तिथे हा प्रसंग सहसा येत नाही.

डिस्कचे आकडे आणखी दोन ठिकाणी फसवतात. ईएक्सटी४ वर पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवलेली असते. म्हणून अलर्ट ‘फ्री’वर न लावता ‘अव्हेल’वर (राखीव वगळून उरलेल्या जागेवर) लावायचा, नाहीतर कन्सोलवर जागा आहे आणि डेटाबेसला मिळत नाही. दुसरं उलटं: मोठी लॉग फाइल आरएम कमांडनं उडवली, पण प्रोसेसनं ती उघडी धरून ठेवलीय. मग डीयू (फायलींच्या आकाराची बेरीज करणारी कमांड) म्हणतं गेली, डीएफ म्हणतं आहे, आणि दोघंही खरं बोलतात. एलएसओएफ या कमांडला ‘+एल१’ देऊन शोधा आणि ती प्रोसेस रीस्टार्ट करा.

बरं, टक्क्यांपेक्षा कामाचा प्रश्न ‘किती दिवस पुरेल’ हा असतो. प्रोमिथियसचं ‘प्रेडिक्ट लिनिअर’ मागच्या काही तासांची चाल बघून पुढची रेषा ओढतं. मी आधी सहा तासांची चाल घेतली होती. लॉग फिरण्याच्या (जुनी लॉग फाइल हटवून नवी सुरू होण्याच्या) आधी दर रात्री अलर्ट वाजायचा आणि फिरले की आपोआप विझायचा. आता दोन दिवसांची चाल घेतो, आणि अट अर्धा तास टिकली तरच फोन वाजतो.

‘पाच मिनिटांत काम संपलं’ यात अर्धं खरं आहे. तिन्ही गोष्टी टाकायला खरंच फार वेळ लागत नाही, नेट बरं असेल तर चहा थंड व्हायच्या आत होतं. मेसेज ज्याला शेवट म्हणतो तिथून काम सुरू होतं, एवढंच. एक तर त्यात नोड एक्स्पोर्टरचं ९१०० हे पोर्ट ‘सगळ्यांसाठी’ उघडायला सांगितलंय. नोड एक्स्पोर्टर मुळात कुणाला पासवर्ड विचारत नाही. कर्नलची आवृत्ती, माउंटचे मार्ग, सगळं येईल त्याला वाचून दाखवतो. तो आतल्या पत्त्यावरच ऐकता ठेवा आणि फायरवॉलमध्ये फक्त प्रोमिथियसच्या मशीनला वाट द्या. ग्राफानाचा ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ही पहिल्याच लॉगिनला बदला.

पण खरी मेख रिटेन्शनमध्ये, म्हणजे डेटा किती दिवस ठेवायचा त्यात, आहे. तुम्ही काही सांगितलं नाही तर प्रोमिथियस १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. नागपुरात बसून पंधरा दिवसांवर कपॅसिटी ठरवायची म्हणजे जुलैत छत्री बघून मेमधल्या उन्हाचा अंदाज बांधायचा. आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. जुलैत व्यापाऱ्यांच्या मशीनचा आलेख बघाल तर सरळ आडवी रेघ, मशीन झोपलेलं. आणि दिवाळीच्या आसपास तेच मशीन घामाघूम. ‘मागच्या नोव्हेंबरात किती होतं?’ या प्रश्नाला पंधरा दिवसांचा कन्सोल काय उत्तर देणार!

लोक म्हणतात वर्षाचा डेटा ठेवायला डिस्क कुठून आणायची. हिशेब करू. एका मशीनच्या साधारण हजार मालिका (एकेका आकड्याच्या नोंदींची रांग) धरा, चार मशीनच्या चार हजार. दर १५ सेकंदांनी एक नमुना, म्हणजे दिवसाला मालिकेमागे ५,७६०. सगळे मिळून २ कोटी ३० लाखांच्या आसपास. प्रोमिथियस दाबून ठेवतो तेव्हा नमुन्याला एक ते दोन बाइट लागतात. दोनच धरा, तरी दिवसाला ४६ एमबी. ४०० दिवसांचे साडेअठरा जीबी. एका लग्नाच्या व्हिडिओला यापेक्षा जास्त जागा जाते. सर्व्हिस फाइलमधल्या सुरू करण्याच्या ओळीत रिटेन्शनची मुदत ४०० दिवस लिहा, डीमन रीलोड करा, रीस्टार्ट करा. ४०० अशासाठी की मागचा पूर्ण हंगाम आणि वर महिनाभर हाताशी राहतो.

यात आणखी एक भर घाला, जी कुठल्याच तयार डॅशबोर्डात नसते. सीपीयू किती टक्के हे मशीनचं बोलणं झालं. व्यापाऱ्याला पावत्या कळतात. नोड एक्स्पोर्टरला ‘टेक्स्टफाइल’ नावाचा कलेक्टर आहे. एका फोल्डरात साध्या मजकुराची फाइल ठेवली की त्यातला आकडाही तो प्रोमिथियसला देतो. मी दर मिनिटाला डेटाबेसला एक प्रश्न विचारणारी स्क्रिप्ट लिहिली, गेल्या तासात किती आवक पावत्या फाटल्या, आणि तो आकडा सीपीयूच्या आलेखावरच चढवला. फाइल आधी दुसऱ्या नावानं लिहायची आणि मग एमव्ही कमांडनं जागेवर आणायची, नाहीतर अर्धी लिहिलेली फाइल वाचली जाते आणि आलेखाला खाचा पडतात. दुसरी फाइल सर्व्हर खोलीच्या तापमानाची. ती लावली कारण एका मेमध्ये बाहेर पंचेचाळीस अंश असताना एसी बंद पडला आणि कुण्या शहाण्यानं आत घरगुती कूलर आणून लावला, पाण्यानं भरलेला, गवताच्या टाट्यांसकट. बाकी काही म्हणा, गार होत होतं.

राहता राहिला ८० टक्क्यांचा नियम. २० जीबीच्या डिस्कवर ८० टक्के म्हणजे चार जीबी उरले, एका रात्रीच्या लॉगचा खेळ. चार टीबीवर तेच ८० टक्के म्हणजे ८०० जीबी, वर्षभर बघावं लागणार नाही. एकच अलर्ट दोघांना कसा चालेल? भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर तर टॉपमधला ‘एसटी’चा (स्टील, म्हणजे चोरीला गेलेला वेळ) आकडाही बघावा लागतो. त्याच यंत्रावरच्या शेजाऱ्यानं तुमचा वेळ खाल्ला की तुमचा वापर साठच दिसतो आणि काम मात्र अडतं.

सीपीयूचं गणित तर्री पोह्यांच्या गाडीवर समजतं. एकच माणूस वाढतोय, एका प्लेटला सरासरी ३० सेकंद, गिऱ्हाईक येईल तसं येतं. तो निम्मा वेळ मोकळा असेल तर येऊन उभं राहिल्यापासून प्लेट हातात पडायला सरासरी एक मिनिट. तो ८० टक्के कामात असेल तर अडीच मिनिटं. ९० टक्क्यांना पाच मिनिटं. म्हणजे ८० पर्यंत सुख आणि मग अचानक दुःख, असं नसतं. ऐंशीला पोचेपर्यंत थांबणं रिकाम्या गाडीवरच्या ३० सेकंदांच्या पाचपट झालेलं असतं. वाढणारे आठ असतील तर तेच ८० टक्के बरेच सुसह्य. आणि ‘सरासरी ४० टक्के’ दाखवणाऱ्या पाच मिनिटांत दोन मिनिटं शंभर टक्के गेलेली असू शकतात. ती दोन मिनिटंच लोक फोनवर ऐकवतात.

व्यापाऱ्यांच्या मशीनवर मागच्या नोव्हेंबरातला सगळ्यात गर्दीचा तास ९०० पावत्यांचा, सीपीयू ५५ टक्के. यंदा त्यांचे आणखी काही अडते जोडले जाताहेत, अंदाज १,४०० चा. सरळ प्रमाणात साधारण ८६ टक्के होतात. मेसेजच्या हिशेबानं आज सगळं हिरवं आहे, कारण आज जुलै आहे आणि कन्सोलवर ११ टक्के दिसतात. मी मालकांना दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी विचारलं, "मग मशीन मोठं घ्याचं का?" आलेख मोठा करून बघितला तर त्या तासातल्या सीपीयूचा जवळजवळ तिसरा हिस्सा पावत्यांचा नव्हताच. लिलाव आटोपला की प्रत्येक अडत्या एकच ‘आजची एकूण आवक’ रिपोर्ट पुन्हा पुन्हा काढत होता आणि दर वेळी पूर्ण वर्षाची नोंदवही वाचली जात होती. तारखेवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) नव्हता. तो शनिवारी टाकतोय.