वीज वाचवा, पण दिसेल अशी

पृथ्वी वाचवायचं ठरवलंत, अभिनंदन. घाबरू नका, यात वाटतो तेवढा त्रास नसतो. त्रास नेमका कुठं घ्यायचा, एवढं मात्र नीट निवडावं लागतं. बचत दोन तऱ्हेची असते, एक चारचौघांना दिसणारी आणि दुसरी मीटरला कळणारी. मीटरला टाळ्या वाजवता येत नाहीत. तेव्हा आपलं सगळं लक्ष पहिलीवर.

सुरुवात मोबाइलच्या चार्जरपासून करावी. फोन काढून नेलाय आणि चार्जर प्लगला नुसताच लटकतोय, असं दिसलं की खेदानं मान हलवावी, तो उपसून काढावा आणि 'थेंबे थेंबे तळे साचे' हे आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणावं. आता तळं नक्की किती साचलं, असं विचारणारा एखादा चोंबडा प्रत्येक घरात निघतोच. त्याचा हिशोब असा असतो: हल्लीचा बऱ्यापैकी चार्जर रिकामा असताना ०.१ वॉटच्या आसपास वीज खातो, वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे वर्षभर न चुकता उपसला तरी पुरतं एक युनिट वाचत नाही. आणि २ किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलंच. वर्षभराचं व्रत अर्ध्या तासात पाण्यात! असले हिशोब करणाऱ्याकडे घरातले सगळे चार्जर उपसायचं खातं सोपवून टाकावं, म्हणजे तो कामाला लागतो आणि तुम्ही आंघोळीला मोकळे.

आंघोळ मात्र शॉवरखालीच करावी, आणि निवांत. पाणी हा पदार्थ तापायला फार हट्टी. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला सुमारे ४.२ किलोजूल लागतात, आणि त्यात कुणालाही सवलत मिळत नाही. शॉवरमधून मिनिटाला ९ लिटर पाणी येतंय, ते २० अंशांवरून ४० वर न्यायचंय आणि तुम्ही दहा मिनिटं उभे आहात, असं धरलं तर दोन युनिटांच्या वर काम जातं. चोंबड्याच्या भाषेत सांगायचं तर दोन वर्षांपेक्षा जास्त चार्जर. तेच २० लिटरच्या बादलीत अर्ध्या युनिटाच्या आत भागलं असतं. पण बादलीत तांब्या बुडवताना कधी कुणाला पृथ्वीच्या भवितव्याबद्दल काही सुचलंय का? शॉवरखाली सुचतं. विचारांना वेळ द्यावा लागतो, आणि वेळ म्हटला की गरम पाणी आलंच.

टाकीचा गीझर असेल तर एकदा लावला की घालवूच नये. टाकीतली उष्णता दिवसभर हळूहळू निसटत राहते, थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा ती भरून काढत राहतो, आणि संध्याकाळपर्यंत कोणी आंघोळीला आलेलं नसतं. इतक्या निष्ठेनं काम करणाऱ्याचं मन मोडणं बरं दिसत नाही.

आता दिवे. ही बचतीची हुकमी जागा, कारण दिवा घालवला की अंधार होतो आणि अंधार सगळ्यांना दिसतो. घरात एकानं गस्तीचं काम अंगावर घ्यावं, आणि ते वडीलधाऱ्यानं घेतलं तर जास्त शोभतं. गस्तीची पद्धत ठरलेली आहे. कोणीतरी पाणी प्यायला उठलं की त्याची पाठ वळताच खोलीतला दिवा घालवायचा. ते परत येऊन लावेल तेव्हा काही बोलायचं नाही, नुसतं बटणाकडे बघायचं. न्हाणीघराचं बटण बाहेर असेल तर सोन्याहून पिवळं: आत कोणी आहे का याची चौकशी न करता खटका दाबायचा. आतून डोळ्यांत साबण गेलेल्या माणसाचा जो आरडाओरडा येतो, तो अज्ञानातून आलेला असतो. इकडे बाहेरच्या खोलीत सेट टॉप बॉक्स हाताला कोमट लागत असेल, तर तिकडे लक्ष देऊ नये. काही बॉक्स 'बंद' असतानाही १० वॉटच्या आसपास ओढत राहतात आणि वर्षाकाठी ८७ युनिटं गिळतात. पण त्याच्यावर ठिपक्याएवढा लाल दिवा असतो फक्त. एवढ्याशा दिव्यासाठी टीव्हीमागच्या जळमटांत हात घालायचा का?

जुना पिवळा बल्ब काढून एलईडी लावावेत, यावर सगळ्यांचं एकमत आहे. साठ वॉटच्या बल्बचं काम नऊ वॉटमध्ये होतं, म्हणजे ८५ टक्के बचत. या बचतीतून जे उरतं ते लगेच गुंतवावं. छताला नवं आवरण करून घ्यावं, त्यात बारा छोटे दिवे बसवावेत, नऊ नऊ वॉटचे. बेरीज १०८ वॉट होते हे खरं, आणि पूर्वी त्याच खोलीत ६० वॉटमध्ये माणसं वाचतही होती आणि भांडतही होती. पण प्रत्येक दिव्यामागे बचत ८५ टक्केच आहे ना? बारा वेळा ८५ टक्के! या पद्धतीला जुनी परंपरा आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली तसा कोळसा कमी जळायच्या ऐवजी आणखीच जळू लागला. बिचाऱ्यानं ते धोक्याची सूचना म्हणून लिहिलं. आपण कृती म्हणून वाचायचं.

एसीच्या बाबतीत कंजुषी करू नये. आल्या आल्या १६ वर लावावा, म्हणजे खोली लवकर गार होते अशी सर्वांची श्रद्धा आहे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर तुम्ही १६ म्हणा की २५, चालू असताना त्याच जोरानं चालतो. आकडा त्याला फक्त थांबायचं कधी ते सांगतो, आणि १६ म्हटलं की बऱ्याचदा तो थांबतच नाही. पण श्रद्धेच्या आड कॉम्प्रेसर येऊ देऊ नये. मग रात्री दोन वाजता कुडकुडायला लागलं की उठून जाड दुलई काढावी आणि डोक्यावरून घ्यावी. दुलईला वीज लागत नाही, तेव्हा ही शुद्ध नैसर्गिक ऊब. एक अंश वर ठेवला की साधारण पाच-सहा टक्के वीज वाचते म्हणतात. त्या हिशोबानं २५ वर ठेवून दुलई कपाटातच ठेवता आली असती, पण मग घेतलेल्या दुलईचं करायचं काय? (विलिस कॅरियरनं १९०२ मध्ये आधुनिक एसीची पहिली योजना केली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. तिथं दमट हवेनं कागद फुगायचा. म्हणजे हे यंत्र मुळात कागदाला बरं वाटावं म्हणून आलं. माणसं मागाहून घुसली.)

पंखा रिकाम्या खोलीत चालू राहिला तर राहू द्या. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम सुकवतो म्हणून आपल्याला गार वाटतं; मोटर तर खोलीत थोडी उष्णताच सोडते. अर्थात घरातल्या कपाटाला घाम येत नाही असं छातीठोकपणे कोणी सांगावं?

आता फ्रिज. फ्रिज घरातला सर्वांत गप्प नोकर, चोवीस तास आणि बाराही महिने. जुना फ्रिज फार वीज खातो, म्हणून नवा, कमी वीज खाणारा घ्यायचा, हे तुम्ही वाचलेलंच असेल. नवा आणताना थोडा मोठाच आणावा, कारण कमी खाणारच आहे. घरी आला, त्याच्या दारावर ऊर्जा-बचतीचं लेबल झळकतंय, ते कधीही काढू नये, कोपरे सुटायला लागले तर चिकटपट्टी लावावी. आणि जुना? चालू आहे की अजून! चालती वस्तू टाकणं म्हणजे कचरा वाढवणं, आणि आपण तर पर्यावरणवादी. म्हणून तो गॅलरीत न्यायचा. तिथं दुपारचं ऊन त्याच्या पाठीवर येतं, मागच्या जाळीवर बोटभर धूळ, दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं, त्यामुळे तो क्षणभरही न थांबता घरघरत राहतो. आत काय? थंड पाण्याच्या दोन बाटल्या आणि कधीतरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी बर्फ. पूर्वी घरात एक वीजखाऊ फ्रिज होता. आता एक वीजखाऊ आणि एक वीजबचत करणारा असे दोन आहेत. प्रगती यालाच म्हणतात.

पातेल्यावर झाकण ठेवू नका, उकळी दिसत नाही. आणि उकळी फुटली की आच आणखी वाढवा. पाणी १०० अंशांच्या पुढं तापत नाही, जास्तीची आच नुसती वाफ करते, हे शाळेत शिकलो होतो. पण शाळेत शिकलेलं स्वयंपाकघरात आणू नये. वॉशिंग मशीन दोन कपड्यांसाठी लावावं, तेही गरम पाण्यावर. ढोल फिरवायला वीज थोडी लागते, मोठा वाटा पाणी तापवण्यातच जातो. कपडे दोरीवर घालू नयेत. सूर्य फुकट आहे, आणि फुकटची वस्तू वापरताना माणसाला संकोच वाटायला हवा.

खरेदीबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण साधी राहणी ही बरंच काही विकत घेतल्याशिवाय जमत नाही. ज्याच्या घरात काहीच नवं आलं नाही, त्याचं पर्यावरणप्रेम ओळखायचं कसं? डबे आहेत ते काढून टाका आणि काचेचे, एकाच मापाचे आणा. बांबूचा ब्रश आणा. पाण्याची धातूची बाटली आणा, मग तिचाच वेगळा रंग आणा. वीज वाचवण्यासाठी आवाजावर चालणारे दिवे बसवा. ते विझलेले असतानाही तुमची हाक ऐकायला रात्रभर जागे राहतात, आणि जागरणाला थोडीफार वीज लागायचीच.

पिशव्यांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेनं २०१८ मध्ये हिशोब मांडला, की पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायची तर साधी सुती पिशवी किती वेळा वापरावी. नुसत्या हवामानापुरतं पाहिलं तर ५२ वेळा. पाणी, ओझोन असे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,०००, म्हणजे रोज एकदा नेली तरी जवळजवळ ५५ वर्षं. पिशवी वाईट नाही हो, ती नेत राहिलं पाहिजे एवढंच. पण आपली पद्धत वेगळी. पिशवी दाराच्या खिळ्याला टांगून बाहेर पडायचं, दुकानात गेल्यावर आठवायचं, आणि 'पृथ्वी वाचवा' असं छापलेली आणखी एक घ्यायची. दाराच्या खिळ्यावर अशा पंधरा-वीस जमल्या की एक मोठी पिशवी आणून त्या तिच्यात ठेवता येतात.

वर्षातून एकदा तासभर दिवे घालवायचा उपक्रम असतो, २००७ च्या मार्चमध्ये सिडनीत सुरू झालेला. तो चुकवू नये. त्या तासाला मेणबत्त्या लावाव्यात, भरपूर. बाजारात सर्रास मिळणाऱ्या मेणबत्तीचं मेण कच्च्या तेलातूनच निघतं, आणि एक मेणबत्ती जेमतेम बारा-तेरा ल्यूमेन (उजेड मोजायचं माप) उजेड देते. तुम्ही घालवलेला नऊ वॉटचा एलईडी आठशेच्या घरात देत होता. त्याची बरोबरी करायला साठ-पासष्ट मेणबत्त्या पेटवाव्या लागतील, आणि मग खोली इतकी तापेल की एसी लावणं ओघानंच आलं. तो बिनधास्त लावा. उपक्रम दिव्यांचा आहे, एसीचं नाव कुणी घेतलेलं नाही. फोटो काढायला विसरू नका.

एवढं करूनही कोणी गीझर, एसी आणि गॅलरीतल्या फ्रिजवरून छेडलंच, तर दोन उत्तरं तयार ठेवावीत. एक: 'कारखाने बघा आधी, माझ्या एकट्यानं काय होणार?' दुसरं: 'मी माझ्यापुरतं करतोय ना?' दोन्ही एकाच संभाषणात वापरली तरी चालतात, फक्त मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा. दुसऱ्या उत्तराला तर भारदस्त पाठबळ आहे. प्रत्येकानं आपापल्या कार्बनच्या पाऊलखुणा, म्हणजे आपल्यापायी हवेत किती कार्बन जातो ते, मोजाव्यात, ही गोष्ट घरोघरी पोचवण्यात २००० नंतरच्या दशकात पुढाकार कुणाचा, तर बीपी या तेल कंपनीचा. तेल काढणाऱ्यानं आपल्याला पावलं मोजायला बसवावं, याला दिलदारपणा लागतो.

शेवटी एक कायदेशीर खुलासा. १७८४ मध्ये अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिननं पॅरिसच्या एका दैनिकाला असंच एक थट्टेचं पत्र लिहिलं. लोक उशिरा उठतात म्हणून रात्री मेणबत्त्या जाळतात, त्यांनी सूर्याबरोबर उठावं तर सहा महिन्यांत एकट्या पॅरिसमध्ये ६ कोटी ४० लाख पौंडांवर मेण आणि चरबी वाचेल, असं त्यानं गंभीर चेहऱ्यानं मांडलं. उपायही सुचवले: ज्या खिडक्यांना झडपा असतील त्यांच्यावर कर, घरटी आठवड्याला एक पौंड मेणबत्त्यांचं रेशन, पहाटे सगळ्या चर्चच्या घंटा, आणि तरीही कोणी उठलं नाही तर रस्त्यारस्त्यावर तोफा. लोक हसले. मग १९१६ मध्ये युद्ध चालू असताना कोळसा वाचवायला जर्मनीनं खरोखरच घड्याळं तासभर पुढं सारली, पाठोपाठ कितीतरी देशांनी. घड्याळाला हात लावा असं फ्रँकलिन म्हणालेला नव्हता, तरी पहिलं नाव आजही त्याचंच घेतात. तेव्हा लेखी सांगून ठेवतो: वरच्यातलं काही उद्या कोणी धोरण म्हणून मंजूर केलं, तर समितीत माझं नाव घालू नये. आणि तोफ घ्यायची ठरलीच, तर ऊर्जा-बचतीचं लेबल बघून घ्या, थोडी मोठीच घ्या, आणि जुनी असेल ती टाकू नका. गॅलरीत फ्रिजशेजारी बसेल.