ग्रीन कार्ड हातात आल्यावर काय कराल?

अभिनंदन! कार्ड आलं. आधी देवापुढे ठेवा, मग फॅमिली ग्रुपवर फोटो टाका. आणि लगोलग 'बाहेरच्या लोकांनी या देशाची वाट लावली' असं म्हणायला लागा. पहिल्या दिवशी जीभ अडखळेल. होते सवय.

शनिवारची सकाळ बरी. पाहुणे बोलवावेत, डेकवर चहा घेऊन बसावं. समोर ग्वाटेमालाचा एक माणूस तुमचं लॉन कापत असतो. त्याचं मशीन थांबलं की मुद्दा मांडावा, नाहीतर ऐकू जात नाही. हे लोक अमेरिकन माणसाची कामं खातात, मजुरी पाडतात वगैरे. त्याचे पैसे मात्र रोख द्या. चेकची नोंद राहते.

कोणी पुरावा मागितला तर १९६४ साल अजिबात काढू नका. त्या वर्षअखेरीस अमेरिकेने मेक्सिकन शेतमजुरांची 'ब्रासेरो' योजना बंद केली. आता आपल्या लोकांची मजुरी वाढणार म्हणून! पुढच्या उन्हाळ्यात मजूर खात्याने शाळेतली खेळाडू पोरं शेतात उतरवायचं ठरवलं. चांगली फुटबॉल खेळणारी, दंड फुगवणारी. वीस हजार हवी होती, प्रत्यक्ष गेली ३,३०० च्या आसपास. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चाळीसच्या वरचं ऊन, आणि खरबुजाची साल इतकी खरखरीत की हातमोजे दुपारपर्यंत फाटायचे. कोणी पळालं, कोणी चक्क संप केला. एका हंगामात योजना गुंडाळली. आणि मजुरी? जिथे ब्रासेरो होते तिथे, जिथे नव्हते त्यापेक्षा काही जास्त वाढली नाही. टोमॅटोवाल्यांनी तर सरळ यंत्रं आणली.

२०११ चं अलाबामाही नको. त्या राज्यात बेकायदा राहणाऱ्या परदेशी लोकांविरुद्ध कडक कायदा झाला, मजूर कुटुंबांसकट रातोरात निघून गेले, टोमॅटो शेतातच सडले. वर पोलिसांनी कागदपत्रं नाहीत म्हणून धरला कोण, तर मर्सिडीजचा जर्मन अधिकारी!

तरीही कोणी छेडलंच तर 'आम्ही कायदेशीर आलो' हे ब्रह्मास्त्र आहेच. आपल्याला दार उघडणारा तो कायदा १९६५ चा, हे सांगत बसू नका. त्याआधी भारताचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता. एवढी तर आपल्या सोसायटीत आरतीनंतर प्रसादाला थांबतात. काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीने हवा तापवली नसती, तर तुमचं डेक आज नाशकात असतं. गच्ची म्हणतात त्याला.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जांवर एक लाख डॉलरची फी लागली, तेव्हा पुण्याहून भाच्याचा रडवेला फोन आला असेल. त्याला धीर द्या. घोर अन्याय आहे म्हणा. बाहेरून माणसं आली नाहीत तर ही इकॉनॉमी चालायची कशी? खुशाल डेकवर जाऊन बोला, मशीनचा आवाज नाही. लॉनवाला दोन शनिवार आलेला नाही. फोनही लागत नाही त्याचा.

गवत गुडघ्याला लागलंय. तुमच्या मुलाला विचारून बघा. फुटबॉल खेळतो ना तो?