तीन कॉर्डवाल्यांच्या बाजूने

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक फॉरवर्ड येऊन पडला. फिरत फिरत तुमच्याकडेही आला असेल. विषय तीन जुन्या संगीतप्रकारांचा: जमैकाचा नाचायचा स्का, सत्तरच्या दशकातला दणदणीत पंक रॉक आणि त्याच्यामागून आलेला न्यू वेव्ह. मजकूर थोडक्यात असा: स्का ही रेगेची वरातीसाठी केलेली स्वस्त नक्कल. पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्या गोऱ्या पोरांचा दंगा, आणि त्यातले निम्मे नाझी. न्यू वेव्ह हा कंपन्यांनी त्यावर फासलेला मेकअप. दोन वर्षांत सगळा खेळ आटोपला आणि एरिक क्लॅप्टनसारख्या खऱ्या गिटारवादकांचं संगीत तेवढं टिकलं. खाली चार अंगठे, दोन हसरे चेहरे आणि माझ्या जुन्या बाकमित्राचा टोमणा: "आता बोल."

बोलतो. या संगीताच्या नादाला लागून मला चाळीस वर्षं होतील. मावसभावाने मस्कतहून आणलेली एक कॅसेट त्याला कारण. तिच्यावर 'स्पेशल्स' या इंग्लिश स्का बँडचं संगीत भरलेलं होतं आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत आधीची सत्यनारायणाची कथा बारीक आवाजात ऐकू यायची. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच कबूल. पण तारखा तटस्थ असतात.

पहिली तारीख स्काची. रेगे हा शब्द आणि तो ठेका जमैकात रुळला 1968च्या सुमारास. त्याआधी दोनेक वर्षं रॉकस्टेडी हा संथ ठेका होता आणि त्याच्याही आधी स्का, म्हणजे पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून. 1962च्या ऑगस्टमध्ये जमैका स्वतंत्र झाला तेव्हा किंग्स्टन या राजधानीच्या रस्त्यांवर स्काच वाजत होता. पुढे रेगेचा बादशहा झालेल्या बॉब मार्लीच्या वेलर्स बँडने 1964मध्ये पहिलं गाजलेलं गाणं केलं तेही स्काचं. आजोबा नातवाची नक्कल करतो म्हणण्यातलाच हा प्रकार.

स्का आला कुठून, हा खरा मजेचा भाग. किंग्स्टनमध्ये साउंड सिस्टिमवाले असत. ट्रकवर भलेमोठे स्पीकर लादायचे, मैदानात लावायचे आणि अमेरिकन रिदम अँड ब्लूजच्या तबकड्यांवर लोकांना नाचवायचं. कॉक्सन डॉड, ड्यूक रीड आणि प्रिन्स बस्टर हे त्यातले मातब्बर. आपल्याकडची हुकमी तबकडी कोणती हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून ते तिचं लेबल खरवडून टाकत. पुढे अमेरिकेतली आवड बदलली, तसल्या तबकड्या यायच्या कमी झाल्या, तेव्हा या मंडळींनी स्वतःच रेकॉर्डिंग सुरू केलं. वादक मिळाले ते बरेचसे अल्फा बॉइज स्कूलमधून. गरीब, अनाथ मुलांची ही शाळा कॅथलिक नन चालवत आणि तिथे बँड शिकवला जाई. ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड तिथला, टॉमी मकूक तिथला. 1964मध्ये 'स्काटलाइट्स' हा स्का बँड जमला तेव्हा त्यांच्यातले निम्मे लोक जॅझमध्ये मुरलेले होते. गोव्यात चर्चच्या शाळांतून सोल्फेज, म्हणजे पाश्चात्य सरगम, घोटून मुंबईला आलेली पोरं हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवू लागली, ती गोष्ट माहीत असलेल्याला ही लगेच ओळखीची वाटेल.

आणि 'स्वस्त'? जेवणाच्या टेबलावर करून बघा. डाव्या हाताच्या तळव्याने टेबलावर एक, दोन, तीन, चार मोजा. आता उजव्या हातात चमचा घ्या आणि स्टीलच्या ताटावर फक्त मधल्या जागांवर मारा: एक-अन्-दोन-अन्-तीन-अन्-चार-अन्. चमचा 'अन्'वर, आकड्यावर नाही. जमलं की डावा हात थांबवा आणि चमचा तसाच चालू ठेवा. दोन आवर्तनांत चमचा घसरून आकड्यावर येतो, कारण आपला कान समेकडे ओढ घेतो. माझ्या भाचीला अर्धा तास लागला, आणि ती तबल्याच्या दोन परीक्षा दिलेली आहे. स्काचा गिटारवाला हे 'अन्' सबंध गाणंभर, झपझप, न ढळता वाजवतो. वरातीत करून दाखवा.

आता 'वाजवता येत नव्हतं'. बऱ्याच जणांना नव्हतं, मान्य. 1977च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या चाहत्यांनी काढलेल्या एका घरगुती अंकात तीन कॉर्डची, म्हणजे गिटारवर एकदम वाजवायच्या सुरांच्या गुच्छांची, चित्रं छापून खाली लिहिलं होतं की ही एक, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा. फॉरवर्डवाले हेच पुरावा म्हणून नाचवतात. पण तो कबुलीजबाब नव्हता, आमंत्रण होतं. त्या काळच्या रॉकमध्ये वीस-वीस मिनिटांचे तुकडे आणि ट्रकभर सिंथेसायझर लागत. म्हणजे गल्लीतल्या पोराला दार बंद. न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडने 1976मध्ये चौदा गाण्यांचा पहिला अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपवला. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने पाचेकशे पौंड उसने घेऊन 1977च्या जानेवारीत चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली आणि कुठलं गाणं कितव्या टेकचं, वर मागाहून काही चढवलंय का, हेसुद्धा पाकिटावर छापून टाकलं. दुकानदाराने वजनकाटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवावा तसं. त्यातल्या एका गाण्यातला गिटार सोलो दोनच सुरांचा आहे. तेच दोन सूर, पुन्हा पुन्हा, माणूस हसेपर्यंत. असला सोलो अडाण्याला सुचत नाही. सोलो म्हणजे काय हे पक्कं ठाऊक असलेल्यालाच त्याची अशी थट्टा करता येते.

बरं, दार उघडल्यावर आत कोण आलं? स्लिट्स आल्या, रेनकोट्स आल्या, दोन्ही बायकांचे बँड. एक्स-रे स्पेक्स बँडची गायिका पॉली स्टायरीन आली, जिचे वडील सोमाली होते. गिटार हातात घ्यायला त्यांना आधी कुणाची परवानगी लागली असती, याचा विचार फॉरवर्ड लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

नाझींचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. काही पंकवाल्यांनी नुसतं डिवचायला म्हणून स्वस्तिक मिरवलं. तो मूर्खपणाच होता, मी त्याची वकिली करणार नाही. मूळ स्किनहेड, म्हणजे डोकं बारीक कापलेली कामगारवर्गातली गोरी पोरं साठच्या दशकाच्या शेवटी शेजारच्या जमैकन पोरांबरोबर स्का आणि रेगेवर नाचत. दहा वर्षांनी त्याच केशरचनेची टोळकी नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाच्या बाजूने मैफलींत घुसून नाझी सलाम ठोकू लागली. 1981च्या जुलैत लंडनच्या साउथहॉल या आशियाई वस्तीतल्या एका पबात स्किनहेड बँडांच्या कार्यक्रमावरून दंगल झाली आणि तिथल्या आशियाई तरुणांनी तो पबच जाळला. हे सगळं घडलंय.

पण निम्मे? आणि तुलना क्लॅप्टनशी? 1976च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून परदेशी लोकांना हाकला, स्थलांतरितांविरुद्ध बोलणारा नेता इनॉक पॉवेल याला मत द्या, असं बरळला तो क्लॅप्टनच. पुष्कळ वर्षांनी त्याने त्याबद्दल शरम व्यक्त केली, तेही नोंदवतो. त्या भाषणावर संतापून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. 30 एप्रिल 1978 रोजी ट्रफाल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत तिचा प्रचंड मोर्चा निघाला आणि पार्कात क्लॅश हा पंक बँड, एक्स-रे स्पेक्स आणि बर्मिंगहॅमचे काळे रेगेवाले स्टील पल्स एकाच मंचावर वाजले. फॉरवर्डमधला 'खरा वादक' आणि 'नाझी दंगेखोर' यांनी जागांची अदलाबदल केली तर वाक्य जास्त खरं होईल.

टू टोन या स्का लेबलची गोष्ट तर आपल्याकडे माहीतच नाही. 1979मध्ये कॉव्हेंट्री या मोटारींच्या कारखान्यांच्या गावात जेरी डॅमर्सने हे लेबल काढलं. हा डॅमर्स जन्मला कुठे, तर उटीत. वडील पाद्री होते. त्याच्या स्पेशल्समध्ये लिनव्हल गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल हे जमैकात जन्मलेले, बाकीचे गोरे. त्याच लेबलवरच्या सिलेक्टर बँडमध्ये पॉलिन ब्लॅक गात होती आणि बँडमध्ये गोरे कमी, काळे जास्त. लेबलची ती काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी उगाच नव्हती. 1981मध्ये कॉव्हेंट्रीच्या भर बाजारात एका तरुण पंजाबी विद्यार्थ्याचा वंशद्वेषातून खून झाला, तेव्हा स्पेशल्सनी गावातच वर्णद्वेषाविरुद्ध मैफल केली. पुढच्याच महिन्यात इंग्लंडमधली शहरं पेटली होती आणि त्यांचं ओसाड गावावरचं गाणं तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

त्या गाण्यात एक ट्रॉम्बोन आहे, तो रिको रॉड्रिग्जचा. हा अल्फा बॉइज स्कूलचा, डॉन ड्रमंडच्या हाताखाली शिकलेला, 1961मध्ये इंग्लंडला आलेला. 1967मध्ये डँडी लिव्हिंगस्टोनने रूडी नावाच्या टग्याला समज देणारं एक गाणं केलं, त्यात ट्रॉम्बोन रिकोचा. 1979मध्ये स्पेशल्सनी तेच गाणं पुन्हा केलं, त्यातही ट्रॉम्बोन रिकोचा. माझ्या कॅसेटवर ते दुसरं होतं. पहिलं मी कितीतरी वर्षांनी ऐकलं आणि सुरुवातीची ती ढगळ, आळसावलेली फुंकर ओळखून उभाच राहिलो. याला नक्कल म्हणायचं की घराणं, हे तुम्ही ठरवा.

न्यू वेव्हबद्दल फॉरवर्ड अर्धं बरोबर आहे. 'पंक' म्हटलं की अमेरिकन रेडिओवाले दचकत, म्हणून रेकॉर्ड कंपन्यांनी हा मवाळ शब्द पुढे रेटला. पण डबा बदलला म्हणून भाजी बदलत नाही. अमेरिकन बँड ब्लाँडीचं 1980चं जगभर गाजलेलं भरतीच्या लाटेचं गाणं मुळात पॅरागॉन्स या जमैकन गटाचं, जॉन होल्टने लिहिलेलं, 1967च्या जमैकातलं. म्हणजे मेकअप पुसला तरी खाली किंग्स्टनच. आणि पोलीस हा बँड, ज्याचा अर्धा ठेका रेगेचा, 1980च्या मार्चमध्ये चक्क मुंबईत वाजवून गेला. मी तेव्हा चौथीत होतो, त्यामुळे त्याचं दुःख वेगळं.

राहता राहिलं 'दोन वर्षांत आटोपलं'. स्काटलाइट्स 1983मध्ये पुन्हा एकत्र आले. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या पोरांनी स्का आणि पंक पुन्हा रेडिओवर आणलं. दिल्लीत स्का व्हेंजर्स हा बँड झाला. आणि 2019मध्ये स्पेशल्सचा नवा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्या अल्बमनंतर चाळीस वर्षांनी.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्यातुकड्यांनी टाकलं. बाकमित्राने अंगठा दिला नाही. रात्री उशिरा एक व्हॉइस नोट पाठवली. तिच्यात तो ताट वाजवतोय, मागून वहिनी ओरडतायत, आणि त्याचा चमचा दर वेळी आकड्यावरच पडतोय.