'गूगलवरून' हे उत्तर नाही

"नेटवरून माहिती काढून आणा" हे वाक्य शाळांतून हद्दपार झालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. प्रकल्पांचा गठ्ठा तपासताना एखाद्या वहीत परिच्छेदाच्या मधोमध, सुवाच्य अक्षरात 'हे पण वाचा' लिहिलेलं सापडतंच. पोराने साइटवरची तेवढी ओळसुद्धा इमानेइतबारे उतरवलेली असते. आणि आपण? स्केचपेनची चौकट बघून गुण देऊन मोकळे!

माहिती कुठून आणलीस विचारलं तर उत्तर ठरलेलं, "गूगलवरून." पुस्तक कुणाचं विचारल्यावर "कपाटातलं" म्हणावं, तसं.

दिवाळीनंतर वर्गात तो प्रसिद्ध फोटो दाखवला. दिवाळीच्या रात्री नासाने अवकाशातून टिपलेला म्हणे, रंगीबेरंगी झगमगता भारत. खरा की खोटा, शोधा म्हटलं. 'नासा दिवाळी फोटो' टाकल्याबरोबर तोच फोटो, पानंच्या पानं. "मॅडम, इतक्या ठिकाणी आहे म्हणजे खराच!"

माझ्या मते खरा धडा इथे आहे. शंभर ठिकाणी एकच फोटो म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. मग शब्दांऐवजी फोटो टाकूनच शोध घेतला, नंतर फक्त नासाच्या साइटपुरता. चित्र दिवाळीचं नाहीच! अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून २००३ मध्ये ते तयार केलं. पांढरे दिवे १९९२ पूर्वीचे. निळे, हिरवे, लाल हे अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये दिसू लागलेले. म्हणजे वस्ती कशी वाढत गेली, त्याचा नकाशा. नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचं खरं चित्रही दिलंय आणि दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून बहुधा जाणवणारही नाही, असं सांगितलंय. "खोटाच भारी होता," मागच्या बाकावरून आलंच.

बाकी 'साइटच्या पत्त्याशेवटी डॉट ओआरजी म्हणजे भरवशाचं', 'पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह बघा' असले ठोकताळे कृपा करून शिकवू नका. डॉट ओआरजी पैसे भरून कुणालाही मिळतं. (डॉट गव्ह डॉट इन मात्र फक्त सरकारला.) आणि ते कुलूप एवढंच सांगतं की तुमची आणि साइटची देवाणघेवाण वाटेत कुणी वाचणार नाही. पलीकडे चोरच बसला असेल तर त्याच्याही दाराला ते असतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शिक्षणतज्ज्ञ सॅम वाइनबर्ग यांच्या अभ्यासात पीएचडी झालेले इतिहासकारसुद्धा देखण्या साइटला भुलले. बातम्यांची शहानिशा करणारे व्यावसायिक मात्र पानावर रेंगाळलेच नाहीत. दुसरा टॅब उघडून ही साइट चालवणारी मंडळी कोण, ते त्यांनी आधी पाहिलं.

मराठी माध्यमाच्या मुलांची अडचण आणखी वेगळी. नासाचा खुलासा इंग्रजीत, अफवा मात्र अस्सल मराठीत. म्हणून शिक्षकाने निदान एकदा तरी सोबत बसून शोधायला हवं. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, हे किती वर्गांत सांगितलं जातं?

यंदा मी सजावटीचे गुण काढून टाकलेत. ते आता 'कुठे शोधलं, कुणी लिहिलंय, दुसरीकडे कुठे पडताळलं' याला. पालकांच्या ग्रुपवर कुरकुर चालू आहे. चालू द्या.