अंड्यांचा चुना आणि चार्ल्स पूल

तुमची तक्रार थोडक्यात अशी: प्रागच्या चार्ल्स पुलावर एवढं लिहिलं, पण चुन्यात अंडी कालवल्याचं गाळलं, सहाशे वर्षं पूल टिकला तो त्या चुन्यामुळे, आणि मी जुन्या कारागिरांचं श्रेय हिरावून घेतो.

अंडी मुद्दामच गाळली. ती असोत वा नसोत, पूल त्यांच्या भरवशावर उभा नाही. दगडी कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि तो रेटा उतरत उतरत खांबात, तिथून पायात जातो. माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंतच खालून लाकडी साचा लागतो. दगडांच्या सांध्यांतला चुना दगडांवर भार सारखा पसरवतो, फटी बुजवतो. दगडांना ओढून धरायची वेळ त्याच्यावर फारशी येत नाही.

आणि पूल उभा आहे हे खरं, पण अखंड कुठे आहे? सप्टेंबर १८९० मध्ये पुलाखालच्या व्ल्तावा नदीला पूर आला. वरच्या अंगाने वाहत आलेले ओंडके आणि तराफे खांबांना अडले, कमानींची तोंडं बुजली. तुंबलेल्या पाण्याने मग तळातून मुसंडी मारली आणि खांबांखालची जमीन खरवडून नेली. दोन खांब कोसळले, तीन कमानी गेल्या, पुलावरचे संत इग्नेशियस आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे पुतळेही नदीत पडले. दुरुस्ती १८९२ पर्यंत चालली. चुना बिचारा काय करणार!

याच्या आधीचा जुडिथ पूलही १३४२च्या पुरानेच मोडला, म्हणून राजा चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये हा बांधायला घेतला. (९ जुलै, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं हा मुहूर्तही तुम्ही सांगितलात. वर्ष, तारीख, महिना, तास, मिनिटं ओळीने मांडली की १-३-५-७-९-७-५-३-१ हे आकडे जुळतात झकास, पण त्या काळच्या घड्याळांना मिनिटकाटा नव्हता.) २००२च्या महापुरात पूल तगला, तरी त्यानंतर नदीतल्या दोन खांबांचे पाये मजबूत करावेच लागले.

कारागिरांचं श्रेय मलाही मान्य आहे, फक्त ते स्वयंपाकघरात शोधू नका. वाहत्या नदीत पाये घालून ५१६ मीटर लांबीत सोळा कमानी उभ्या करणं ही त्यांची करामत. खांबांची प्रवाहाकडची बाजू टोकदार आहे, तीही बघा. पाणी तिथे दुभंगून कमानीत शिरतं. वरच्या अंगाला नदीतच लाकडी अडसर रोवलेले दिसतात, ते हिवाळ्यात वाहत येणारा बर्फ खांबांवर आदळण्याआधी फोडण्यासाठी.