टाकीतली पांढरी पावडर म्हणजे फ्लोराइड नव्हे

मुंबईहून कुणा चाकरमान्याने एक मेसेज कोकणातल्या आमच्या वाडीच्या ग्रुपवर टाकला आणि बघता बघता तो पार विहिरीच्या काठापर्यंत पोचला. आमच्या काकीने पाणी सोडणाऱ्या पोराला अडवलं, "आमच्या बावीत ती पावडर घालू नको रे, पोरांका बाधतली." तिच्यामागून आणखी काही घरांनी तोच धोशा लावला. पोरगा पंचायतीकडे तुटपुंज्या मानधनावर काम करणारा, वाडीतल्या मोठ्या माणसांशी कशाला वाद घाला म्हणून त्याने पावडर टाकणं बंद केलं. तेही ऐन आषाढात, विहिरीत आजूबाजूच्या मळ्यांचं गढूळ पाणी उतरत असताना. मेसेज नुसता वाचून सोडून द्यायचा असता तर मी लिहायला बसले नसते.

तो तुमच्याकडेही आलेला असेल. थोडक्यात असा: नळयोजनेच्या पाण्यात सरकार गुपचूप फ्लोराइड मिसळतं आहे, टाकीत टाकतात ती पांढरी पावडर तीच. हिटलरने कैद्यांना गुलाम करण्यासाठी हेच वापरलं. युरोप-अमेरिकेने त्यावर बंदी घातली. त्याने मुलं मंद होतात. टूथपेस्ट फेकून द्या, आजीसारखी मशेरी लावा. आणि पाणी उकळून तांब्याच्या भांड्यात ठेवा, म्हणजे विष निघून जाईल.

पावडरीचंच आधी बोलू, कारण बाकीच्या थापांनी फार तर डोकं फिरेल, या थापेने घरात सलाईन लागेल.

मेसेजमध्ये एक फोटो आहे. निळी बादली, तिच्या तळाशी पांढरा साका, आणि वर लाल अक्षरांत "हेच ते फ्लोराइड". ती पावडर टीसीएल आहे, म्हणजे ब्लीचिंग पावडर. विरलेल्या चुन्यावर क्लोरिन वायू सोडून ती तयार करतात. चांगल्या पावडरीत वजनाच्या साधारण ३३ टक्के उपयोगाचा क्लोरिन असतो, बाकीचा बराचसा चुना. म्हणूनच ती थेट विहिरीत भिरकवायची नसते. हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम या हिशेबाने पावडर घ्यायची, थोड्या पाण्यात कालवायची, मग बादलीत पाणी वाढवून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं हात लावायचा नाही. चुना खाली बसतो, वर निवळ राहते. ती निवळ पाण्यात सोडायची, साका बाजूला टाकून द्यायचा, आणि निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, पाणी सोडायचं नाही. फोटोतला तो साका चुन्याचा आहे. जो फेकूनच द्यायचा असतो, त्याचाच फोटो काढून लोकांना घाबरवलं जातं आहे.

पावडर पाण्यात उतरली की नाही हे बघायचीही सोय आहे. जलसुरक्षकाकडे, म्हणजे पाण्यात पावडर टाकणाऱ्या माणसाकडे, ओटीची (ऑर्थोटोलिडीन या रसायनाची) लहानशी बाटली असते. नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात दोन-चार थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. पिवळं झालं तर क्लोरिन आहे, रंग बदलला नाही तर नाही. नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा असं आपलं पाण्याचं मानक सांगतं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर आरोग्य खातं पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळी, हिरवी कार्डं देतं, त्यात पावडर नियमित पडते का हेही बघतात. ती पडली नाही की गॅस्ट्रो, टायफॉइड, कावीळ. हे कोकणातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सताईला विचारा, जुलै-ऑगस्टमध्ये बाकावर कोण बसलेलं असतं ते ती सांगेल.

पावडरीबद्दल तक्रार करायचीच असेल तर खरी करा. कधी पाण्याला इतका वास येतो की चहासुद्धा पिववत नाही, कारण मोजमाप न करता मूठभर ओतलेली असते. ही तक्रार रास्त आहे. दुसरी याहून मोठी: ब्लीचिंग पावडर दमट हवेत उघडी राहिली की तिच्यातला क्लोरिन उडून जातो, आणि आपल्या हवेला दमटपणा शिकवायला नको. पोतं फाटकं, पंचायतीच्या कोपऱ्यात महिनोन् महिने पडलेलं, मग वरून कितीही टाका, उरतो तो चुनाच. ग्रामसभेत उठून विचारायचं तर हे विचारा, की पावडर कधीची आहे, तिचा नमुना तपासला का, आणि ओटी रोज करता का.

आता प्रत्यक्ष फ्लोराइड. ते पाण्यात मुद्दाम घालणारे देश आहेत, हे खरं. सुरुवात २५ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात झाली. हेतू एकच, मुलांचे दात किडू नयेत. पण ते काम मोठ्या शुद्धीकरण केंद्रात पंपाने, सतत मोजत करावं लागतं, कारण उपयोगाची मात्रा आणि अपायाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. अमेरिकेने २०१५ पासून लिटरला ०.७ मिलिग्रॅम हे प्रमाण ठरवलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना १.५ च्या पुढे जाऊ नका म्हणते. एक विहीर, एक मोटर आणि सड्यावरची एक टाकी एवढ्यावर चालणाऱ्या आपल्या वाडीच्या योजनेत बादलीने ओतून हे होणारं काम नव्हे.

आणि भारतात तर उलटी गंगा आहे, म्हणून या मेसेजचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. आपल्याकडे पाण्यात फ्लोराइड मिसळण्याची योजना नाही. आपल्याकडे शास्त्रज्ञांनी आयुष्यं घालवली ती पाण्यातलं फ्लोराइड काढण्यात. नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने १९६१ पासूनच्या प्रयोगांतून 'नालगोंडा पद्धत' तयार केली. पाण्यात मोजून तुरटी आणि चुना घालायचा, सोबत ब्लीचिंग पावडर, ढवळायचं, साका बसू द्यायचा, वरचं पाणी प्यायचं. नाव पडलं ते आजच्या तेलंगणातल्या नालगोंडा जिल्ह्यावरून, जिथे जमिनीतल्याच फ्लोराइडने पिढ्या वाकल्या. भारतात या आजाराची, फ्लोरोसिसची, नोंद १९३७ पासून आहे. आधी दातांवर पांढरे-तपकिरी डाग, मग सांधे आखडणं, मग पाठीचा कणाच ताठर होणं. २००८-०९ पासून केंद्र सरकारचा फ्लोरोसिसविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या. फ्लोराइड किमान किती असावं, असा आकडा त्यात नाही. ज्या सरकारचं मानक कमाल मर्यादा घालतं आणि ज्याची संस्था ते काढायची पद्धत शोधते, ते सरकार चोरून ते तुमच्या विहिरीत ओततं, हे पटवून घ्यायला काय लागतं मला कळत नाही.

महाराष्ट्रातही हा आजार आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचा किनवट भाग, तिथल्या बोअरच्या पाण्याने लोकांची हाडं गेली आहेत. त्या माणसांचे वाकडे पाय मेसेजमध्ये 'नळाच्या पाण्याचा परिणाम' म्हणून दाखवले आहेत. त्यांच्याकडे सुरक्षित नळाचं पाणी पोचलं नाही म्हणून तर त्यांना ते भोगावं लागलं.

कोकणाचं काय? आपल्याकडे वर जांभा, खाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उथळ विहिरीतलं पाणी दगडात वर्षानुवर्षं मुरत पडत नाही, म्हणून त्यात फ्लोराइड सहसा कमीच उतरतं. अपवाद धरायचे तर गरम पाण्याचे झरे. खोलवरून तापून येणारं पाणी खडकातलं बरंच काही सोबत आणतं, तेव्हा तुरळ, राजवाडी, उन्हवरे अशा ठिकाणच्या कुंडांचं पाणी अंघोळीला ठीक, रोज प्यायला तपासल्याशिवाय नको. दक्षिण सिंधुदुर्गात ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत, तिथे खोल बोअर मारली असेल तर तीही तपासून घ्यावी.

हिटलरवर फार वेळ घालवणार नाही. छळछावण्यांच्या पाण्यात फ्लोराइड घातल्याचा एकही कागद आजवर कुणी दाखवलेला नाही. आणि फ्लोराइडने माणूस निमूट गुलाम होतो म्हणणाऱ्याने नालगोंड्याचाच इतिहास वाचावा. त्याच जिल्ह्यात १९४६ ते १९५१ निजाम आणि जमीनदारांविरुद्ध तेलंगणातल्या शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला होता.

युरोपचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागतं. तिथले बहुतेक देश पाण्यात फ्लोराइड घालत नाहीत. स्वीडन, नेदरलँड्स यांनी सत्तरच्या दशकातच सोडलं, स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराने २००३ मध्ये. पण स्वित्झर्लंडमध्ये फ्लोराइड घातलेलं मीठ दुकानात मिळतं, जर्मनी-फ्रान्समध्येही मिळतं. आयर्लंडमध्ये १९६४ पासून पाण्यात घालतात, ब्रिटनच्या काही भागांतही. अमेरिकेत २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुढे तिथले आरोग्यमंत्री झालेले रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी पाण्यातलं फ्लोराइड काढायची भाषा केली, २०२५ मध्ये युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी ते बंद केलं, आणि तिथल्या त्या वादाचे तुकडे भाषांतर होऊन आपल्या मोबाईलवर आले. त्याच २०२५ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहराने ते पुन्हा चालू केलं. तिथे २०११ मध्ये बंद केल्यावर मुलांचे दात जास्त किडल्याचं अभ्यासात दिसलं होतं. त्यांचा वाद त्यांच्याजवळ आहे आणि तो खोटा नाही. घरोघर फ्लोराइडची टूथपेस्ट आल्यावर पाण्यातून मिळणारा फायदा पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला आहे, हेही अभ्यास सांगतात.

मुलांच्या बुद्धीचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून नीट सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये अहवाल दिला. लिटरला १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असलेलं पाणी आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध दिसतो, असं त्यात 'मध्यम खात्रीने' म्हटलं आहे. ०.७ या प्रमाणाबद्दल काही ठरवायला पुरेशी माहिती नाही, हेही त्याच अहवालात आहे. मेसेजवाल्याने पहिलं वाक्य घेतलं, आकडा गाळला आणि दुसरं वाक्य पुसलं. ज्या आई-बापांनी याची काळजी करायला हवी ते किनवटला, यवतमाळच्या झरी-जामणीला आहेत.

मशेरीचा सल्ला देणाऱ्याला मात्र समोर बसवून दोन शब्द ऐकवावेसे वाटतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. चुलीवर तव्यात काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर चोळत ओट्यावर बसायचं. आपल्या कितीतरी आज्या, आत्या, माम्या तिच्यापायी तोंडाच्या कॅन्सरने गेल्या, आणि ज्या राहिल्या त्यांना ती सोडताना डोकं धरून बसताना आपण पाहिलं आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. ती आता कुणी पोरीबाळींच्या हातात 'नैसर्गिक' म्हणून परत देत असेल तर त्याला गप्प बसवलं पाहिजे. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त नसावं आणि किती आहे ते ट्यूबवर छापावं असा आपल्याकडे नियम आहे, वाचून घ्या. लहान मूल पेस्ट गिळतं ही भीती खरी आहे. तीन वर्षांखालच्याला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि चूळ भरेपर्यंत मोठं माणूस जवळ हवं.

राहिला उपाय. उकळल्याने फ्लोराइड जात नाही. वाफ होते पाण्याची, फ्लोराइड भांड्यातच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. तांब्याच्या हंड्याने ते निघत नाही, कँडलच्या फिल्टरनेही नाही. तुरटी नुसती फिरवूनही भागत नाही, नालगोंडा पद्धतीत तिचं प्रमाण मोजून, चुन्यासोबत लागतं. आरओने कमी होतं, पण ज्या विहिरीत फ्लोराइडच नाही तिथे त्यासाठी मशीन घेऊन निम्मं पाणी मोरीत सोडायची गरज नाही. पावसाळ्यात पाणी उकळून प्या, जंतूंसाठी ते उत्तमच आहे. त्यासाठी पावडर बंद करू नका. सगळ्या घरांत रोज हंडाभर पाणी उकळलं जात नाही, आणि शेतावर गेलेला माणूस तहान लागली की विहिरीचंच पितो.

आणि एवढ्यानेही शंका राहत असेल तर पाणी तपासा. जलजीवन मिशनमध्ये दर गावात पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण दिलेलं असतं, त्यांच्या पेटीत फ्लोराइडची चाचणीही असते. पंचायतीत विचारा त्या कोण, बहुतेक तुमच्या ओळखीतलीच निघेल. पक्का आकडा हवा असेल तर नमुना पंचायतीमार्फत तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत पाठवता येतो. फ्लोराइडसाठी बाटली प्लास्टिकची घ्या, काचेची नको, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरा, आणि चिठ्ठीवर विहीर की बोअर, वाडी कुठली, तारीख काय, एवढं लिहा.