"लिंबूटिंबू संघांविरुद्धचे गोल" म्हणे!

लेख वाचला. रोनाल्डोच्या आधी सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम ज्याच्या नावावर होता, त्या इराणच्या फुटबॉलपटू अली दाईच्या १०९ गोलांना "दुबळ्या आशियाई संघांवर मारलेले" म्हणत लेखकाने एका वाक्यात निकालात काढलंय, ते काही पटलं नाही. लाओसवर त्याने चार गोल ठोकले, मान्य. २००४ च्या त्याच सामन्यात तो शंभरी गाठणारा पहिला पुरुष खेळाडू झाला. पण मग रोनाल्डोच्या खात्यात अँडोरा, लिथुआनिया, लक्झेम्बर्ग नाहीत का? तिथे बरं कुणी नाक मुरडत नाही!

१९९६ च्या आशिया कपात दक्षिण कोरियाला इराणने ६-२ ने धुतलं, त्यात दाईचे चार होते. कोरिया काही लिंबूटिंबू नव्हता.

वर्ल्डकपमध्ये मात्र पाटी कोरी. ९८ आणि २००६, दोन्हीकडे एकही गोल नाही. तिथे लेखकाचा मुद्दा बरोबर.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्याचा गोल येत नाही, येतो तो पास. नोव्हेंबर १९९७, मेलबर्न, ऑस्ट्रेलियाविरुद्ध वर्ल्डकप पात्रतेचा सामना. इराण ०-२ ने मागे, मग १-२, आणि दाईने सहकारी अझीझीला बचावफळीच्या मधून असा काही चेंडू सरकवला की पुढे फक्त गोलकीपर उरला. २-२ झाले आणि परक्या मैदानावरच्या गोलांच्या जोरावर इराण वर्ल्डकपला गेला. असले पास विक्रमाच्या तक्त्यात कुठे दिसणार!

आणि हो, २०२१ मध्ये आयर्लंडविरुद्ध रोनाल्डोनेही आधी पेनल्टी घालवलीच होती. दाईचा विक्रम मोडला थेट ८९व्या मिनिटाला, हेडरने.